पहिली पेटी, तिसरा गुरुवार आणि नानांची दोन एकर बाग

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आणि आधीच सांगतो, वाइन प्या असं सांगणारी ही पोस्ट नाही. न पिणाऱ्यांनीही वाचावी, कारण विषय शेतीचा आहे.)

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एक बातमी हमखास येते. हापूसची पहिली पेटी वाशी मार्केटमध्ये दाखल! पेटीची पूजा होते, हार घातला जातो, फोटो निघतो, भाव छापून येतो. तो भाव वाचून आपण म्हणतो, कोण घेतं हो एवढ्याला? पण त्याच दिवसापासून आपलीही वाट बघणं सुरू होतं. कोकणात नवान्न, देशावर हुरडा, बागलाणात अर्ली द्राक्षं. नव्या पिकाची वाट बघणं आपल्याला काही नवीन नाही.

या वाट बघण्याला बाजारात किंमत असते. ती किंमत किती, आणि ती शेवटी कोणाच्या खिशात जाते, एवढाच आजचा प्रश्न.

निमित्त असं झालं. मध्यंतरी नाशिकला गेलो होतो. तिथल्या एका छोट्या वायनरीची यंदाच्या हंगामाची नवी वाइन यायची होती, आणि ओळखीतली चार-पाच शौकीन मंडळी एखाद्या लग्नाची तारीख विचारावी तशी तिची तारीख विचारत होती. किती बाटल्या निघणार, आपल्याला मिळतील का, पुण्याला कोण आणणार. सोबत निफाड तालुक्यातला माझा जुना मित्र होता. तो काही बोलला नाही. परतताना गाडीत मात्र म्हणाला, "भाऊ, हे लोक आमच्या वेळेला कुठं होते रे?"

त्याच्या या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी थेट फ्रान्सला जाणार आहे. तिथून परत निफाडला येऊ.

फ्रान्समध्ये लिऑन शहराच्या उत्तरेला बोजोले नावाचा डोंगराळ भाग आहे. इथलं मुख्य द्राक्ष म्हणजे गामे. लवकर पिकणारं, भरपूर लागणारं. आता भरपूर लागणारं पीक म्हटलं की शेतकरी खूश आणि सरदार-दरकदार नाराज, हे सगळ्या जगात सारखंच. १३९५ साली बरगंडीचा ड्यूक धाडसी फिलिप याने फर्मान काढलं की गामे ही वाईट आणि दगाबाज जात आहे, माझ्या मुलखातून ती उपटून टाका. त्याला पिनो न्वार हे नाजूक, कमी लागणारं आणि भारी द्राक्ष हवं होतं. उत्तरेच्या उंची जमिनींत गामेला मान उरला नाही. दक्षिणेकडच्या बोजोलेच्या टेकड्यांवर, तिथल्या ग्रॅनाइटच्या हलक्या जमिनीत, ती नांदली. म्हणजे या वाइनची सुरुवातच मुळी हलक्या जातीची म्हणून हिणवल्या गेलेल्या द्राक्षापासून आहे.

मोठ्या वाइन लाकडी पिंपांत वर्ष-दोन वर्षं मुरतात, मग बाजारात येतात. पण मुरवायला भांडवल लागतं. लहान शेतकऱ्याला सप्टेंबरात तोडलेल्या द्राक्षाचे पैसे दोन वर्षांनी मिळून कसे चालतील? त्याला हिवाळ्याआधी हातात काहीतरी हवं. शेजारी लिऑनसारखं मोठं गिऱ्हाईक होतंच. एकोणिसाव्या शतकात लिऑन म्हणजे रेशमी कापडाचं शहर. तिथले विणकर, मजूर, त्यांच्या खानावळी. त्यांना उंची वाइन परवडणारी नव्हती आणि नकोही होती. त्यांना हवी होती ताजी, हलकी, स्वस्त वाइन. सोन नदीतून पिंपं खाली लिऑनला यायची, कधी कधी आतला रस अजून फसफसतच असायचा. लिऑनकर गमतीने म्हणतात, आमच्या गावाला तीन नद्या, ऱ्होन, सोन आणि बोजोले.

वाइन इतक्या लवकर तयार कशी होते, तेही थोडक्यात सांगतो. एरवी द्राक्षं आधी चेचतात. इथे अख्खे घड बंद टाकीत भरतात. तळातली द्राक्षं वरच्या वजनानं फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि टाकी भरून जाते. हवा न मिळाल्यामुळे वरची अख्खी द्राक्षं सालीच्या आतल्या आतच आंबू लागतात. चार-पाच दिवसांत रस काढून घेतात. त्यामुळे सालीचा आणि बियांचा तुरटपणा फारसा उतरत नाही, फळाचा वास मात्र राहतो. तोडणीनंतर सहा ते आठ आठवड्यांत बाटली भरायला तयार. मुरवायची गरज नाही, आणि मुरवून तिचं फार काही होतही नाही. हंगामातच प्यायची, वसंतापर्यंत संपवायची.

इथपर्यंत सगळं गावपातळीवरचं आहे. जाहिरात नाही, सण नाही.

मग दुसरं महायुद्ध झालं. वाइनच्या विक्रीवर सरकारी बंधनं आली. १९५१ च्या सप्टेंबरात नियम निघाला की नामांकित प्रदेशांच्या वाइन १५ डिसेंबरच्या आधी विकायच्या नाहीत. बोर्दोसारख्या ठिकाणी याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण बोजोलेच्या शेतकऱ्याची सगळी भिस्तच लवकर विकण्यावर! त्यांच्या संघटनेनं तगादा लावला. आणि १३ नोव्हेंबर १९५१ रोजी कर खात्याच्या एका परिपत्रकाने काही वाइनना १५ डिसेंबरची वाट न बघता विकायची मुभा दिली. त्यात बोजोले होती.

बोजोले नूवो, म्हणजे 'नवी बोजोले', हिचा कायदेशीर जन्म असा झाला. कुठल्या राजाने नाही, कुठल्या कंपनीने नाही, शेतकऱ्यांच्या अर्जाने आणि एका कारकुनी परिपत्रकाने. मला या इतिहासातली ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते.

त्यानंतर काही वर्षं तारीख बदलत राहिली. १९६७ मध्ये १५ नोव्हेंबर ही कायमची तारीख ठरली. पण १५ तारीख कधी रविवारी यायची, वाहतुकीची आणि दुकानांची पंचाईत व्हायची. म्हणून १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार पक्का झाला. गुरुवार का, तर गुरुवारी माल आला की शनिवार-रविवारची विक्री हातात. साधा व्यापारी हिशेब.

हा हिशेब ज्याला सगळ्यात आधी कळला तो माणूस म्हणजे जॉर्ज द्यूबफ. शेतकऱ्याच्या घरचा. १९६४ मध्ये त्याने आपली व्यापारी पेढी काढली. लहान लहान शेतकऱ्यांकडून वाइन घ्यायची, रंगीबेरंगी फुलांची लेबलं लावायची आणि जगभर पाठवायची. 'नवी बोजोले आली हो!' अशा अर्थाची पाटी पॅरिसच्या कॅफेंत झळकायला लागली. पलीकडे इंग्रजांनी याची शर्यत केली. १९७४ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'च्या ॲलन हॉल या स्तंभलेखकाने वाचकांना आव्हान दिलं की नव्या वाइनची पहिली बाटली लंडनला माझ्या टेबलावर कोण आणतो बघू. लोक मोटारी आणि विमानं घेऊन धावले. फुकटची जाहिरात!

पुढे जपान यात उतरला. घड्याळाच्या फरकामुळे तिथे तिसरा गुरुवार फ्रान्सच्या आधी उजाडतो, म्हणजे फ्रेंच माणसाच्या आधी जपानी माणूस ती बाटली उघडतो. वाइन विमानाने जाते. २००४ च्या सुमारास जपानने एका हंगामात एक कोटीहून जास्त बाटल्या घेतल्या. तिथल्या हाकोने गावात एका स्नानगृहात या दिवशी कुंडात वाइन ओततात आणि लोक त्यात डुंबतात. आता हसा किंवा रडा.

शेतकऱ्याचं काय झालं? सुरुवातीला तर चांदीच झाली. द्राक्षं सप्टेंबरात तोडली, नोव्हेंबरात वाइन विकली, नाताळाआधी पैसे हातात. मुरवायचा खर्च नाही, साठवणुकीचा नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोजोलेतल्या एकूण वाइनपैकी निम्म्याच्या आसपास माल 'नूवो' म्हणून जात होता.

आणि इथेच घोटाळा सुरू झाला. तारीख ठरलेली, विमान ठरलेलं, जपानची ऑर्डर ठरलेली. मग द्राक्ष पिकलं की नाही हे कोण बघतो? एकरी माल वाढवला. साखर कमी भरली तर वरून साखर घातली. ठरावीक यीस्ट वापरून सगळीकडे एकसारखा वास आणला. इतका एकसारखा की लोक म्हणायला लागले, या वाइनला केळ्याचा वास येतो. पावसाळी वर्ष असो की कोरडं, डोंगरावरची बाग असो की सपाटीची, बाटलीत तेच. लोक वाट बघत होते ती 'यंदाची' वाइन, आणि हातात पडत होती दरवर्षीचीच.

दुसरं नुकसान याहून मोठं. याच बोजोलेत मोर्गों, फ्लरी, मुलाँ-आ-व्हाँ अशी दहा गावशिवारं आहेत. तिथली वाइन मुरते, तिला खोली आहे, आणि ती कायद्याने 'नूवो' म्हणून विकताच येत नाही. पण जगाच्या डोक्यात बोजोले म्हणजे नोव्हेंबरातली स्वस्त, उडत्या चालीची वाइन हे इतकं पक्कं बसलं की या गावांनाही त्याच मापाने भाव मिळू लागला.

२००१ च्या हंगामात फुगा फुटला. मागणी आटली, आणि अकरा लाखांहून जास्त पेट्या वाइन एकतर नष्ट करावी लागली किंवा भट्टीत घालून तिचा स्पिरिट काढावा लागला. एका फ्रेंच समीक्षकाने लिऑनच्या एका मासिकात या वाइनला इतका घाणेरडा शब्द वापरला की तो इथे लिहीत नाही. त्याचं म्हणणं होतं की शेतकऱ्यांनी स्वतःच आपली वाइन बिघडवली आणि ती बिघडली आहे हे त्यांना माहीत होतं. शेतकरी संघटना कोर्टात गेल्या. २००३ मध्ये विलफ्रांशच्या न्यायालयाने मासिकाला जबर भरपाई लावली. पुढे वरच्या कोर्टांत ते प्रकरण चालत राहिलं. पण कोर्टात जिंकून दुकानात गिऱ्हाईक येत नाही. या शतकाच्या सुरुवातीला बोजोलेत वीस हजार हेक्टरांहून जास्त द्राक्षबागा होत्या. आज चौदा हजारांच्या आसपास उरल्या आहेत. बाकीच्या उपटल्या.

आता या गोष्टीतला दुसरा धागा. सगळे नूवोच्या मागे धावत असताना बोजोलेतच ज्यूल शोव्हे नावाचा एक माणूस होता. स्वतः वाइनचा व्यापारी आणि रसायनशास्त्राचा जाणकार. तो सांगत होता की द्राक्ष नीट पिकवा, बागेत रसायनं कमी मारा, बागेतल्या यीस्टनेच आंबू द्या, सल्फरचा मारा कमी करा. १९८९ मध्ये तो गेला. पण मोर्गोंच्या मार्सेल लापिएरने आणि त्याच्या जाँ फोयार, गी ब्रेतों, जाँ-पॉल तेव्हने या सोबत्यांनी ते ऐकलं. लहान बागा, थोडा माल, बाटलीवर स्वतःचं नाव. अशा लहान उत्पादकांपैकी काहींनी नूवोही टाकून दिली नाही, तीच नीट करायला घेतली. यंदा ऊन जास्त झालं तर वाइन तशी लागेल, पाऊस झाला तर तशी. थोड्याच बाटल्या. आणि गंमत बघा, आज जगभरातले चोखंदळ लोक नोव्हेंबरात वाट बघतात ती याच लहान लोकांच्या नूवोची. तिसरा गुरुवार तोच, कायदा तोच. फरक इतकाच की बाटलीमागे कोण आहे हे पिणाऱ्याला माहीत आहे.

चला, आता निफाडला येऊ.

आपल्याकडे आधुनिक वाइनचा प्रयत्न ऐंशीच्या दशकातला. नारायणगावला शामराव चौगुले यांनी शॅटो इंडाज उभी केली, नाशिककडे पिंपेनचा प्रयोग झाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला सुरू केली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. करात मोठ्या सवलती, विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क. हेतू चांगलाच होता. टेबल द्राक्षाचा भाव पडला की शेतकरी मरतो, त्याला दुसरा रस्ता हवा. पाच-सात वर्षांत वायनऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. करार शेतीचे कागद घेऊन माणसं गावोगाव फिरायला लागली.

माझ्या मित्राच्या वडिलांनी, नानांनी, तेव्हा दोन एकर वाइनची बाग लावली. एका वायनरीशी करार केला. अँगल, तारा, ठिबक, सगळं सोसायटीच्या कर्जावर. पहिले दोन हंगाम पैसे आले. नाना खूश. औषधांची फवारणी कमी, जीए नाही, थिनिंग नाही, घडाला पेपर लावायची कटकट नाही.

मग २००८ आलं. जगभर मंदी, आणि नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला. हॉटेलं ओस पडली. वाइन खपायची ती मुख्यतः तिथेच. वायनऱ्यांच्या टाक्या आधीच्या मालाने भरलेल्या, नवा माल घ्यायला जागा नाही. पुढच्या हंगामात नानांचा माल तयार झाला तेव्हा वायनरीतला फोन उचलायलाच कुणी नव्हतं. आधीच्या मालाचे पैसेही अडकले ते अडकलेच.

जे लोक द्राक्षशेतीतले नाहीत त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, कारण सगळी मेख इथे आहे. थॉमसन किंवा सोनाका लावली आणि व्यापारी पळाला, तर शेतकरी दुसऱ्या व्यापाऱ्याला देतो, लोकल मार्केटला नेतो, नाहीतर शेडवर नेऊन बेदाणा करतो. नुकसान होतं, पण काहीतरी हाती लागतं. वाइनचं द्राक्ष मात्र बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते हातगाडीवर विकलं जात नाही. बियांमुळे बेदाणाही होत नाही. त्याला एकच गिऱ्हाईक, वायनरी. तिने दार लावलं की संपलं. नानांचा माल वेलीवरच सुकला. एप्रिलात खरड छाटणीऐवजी त्यांनी जेसीबी बोलावला. त्या भागात तेव्हा असे अनेक जेसीबी फिरले.

मित्र सांगतो, बाग उपटली त्याचं नानांना जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं एका गोष्टीचं वाटलं. एवढी वर्षं माल दिला, पण त्यांच्या द्राक्षाची वाइन कुठली, कशी लागते, कोण पितं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. बाटलीवर कुठेही निफाडचं नाव नाही, नानांचं तर सोडाच.

आता बोजोले आणि निफाड शेजारी ठेवून बघा. तिकडे आधी पिणारा होता. लिऑनचा विणकर नव्या वाइनची वाट बघत होता, मग शेतकऱ्याने सरकारकडे मुभा मागितली आणि कायदा त्यामागे आला. आपल्याकडे आधी धोरण आलं, मग कारखाने, मग बागा. वाट बघणारा मात्र कुणी नव्हताच. जो माल कुणी मागितलेला नाही, त्याचा भाव पहिल्याच झटक्यात शून्यावर येतो.

२०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा आपण काय केलं आठवतंय? महिनाभर वाद घातला की वाइन म्हणजे दारू की नाही. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय काही अमलात आला नाही. व्यसनाची भीती खोटी नाही. ज्या घरात ते भोगलंय त्या घराला ती विचारा, मी तिच्यावर हसणार नाही. पण दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं गेलं आणि शेतकऱ्याचा खरा प्रश्न कुणीच विचारला नाही. करार मोडला तर भरपाई कोण देणार? पैसे किती दिवसांत? वायनरी बुडाली तर बागायतदाराची देणी बँकेच्या आधी की नंतर? महाराष्ट्रात पिकणाऱ्या एकूण द्राक्षापैकी वाइनला जातो तो अगदी थोडा हिस्सा, मग 'वाइनने शेतकरी तरेल' हे वाक्य आपण कशाच्या जोरावर बोलतो?

म्हणून मला त्या छोट्या वायनरीच्या नव्या बाटलीची वाट बघणाऱ्या मंडळींचं कौतुकही वाटतं. वीस वर्षांपूर्वी जे नव्हतं ते आता थोडंफार तयार झालंय. ऑक्टोबरातली छाटणी, फेब्रुवारीतली तोडणी, यंदाचा अवकाळी पाऊस, याबद्दल शहरातला माणूस चौकशी करतोय. ही वाट बघणं म्हणजे भांडवल आहे. फक्त बोजोलेने काय केलं ते विसरू नये. त्यांनी ते भांडवल तारखेला आणि पाटीला विकलं, आणि द्राक्षाकडे बघायचं राहून गेलं.

मी परतीच्या वाटेवर मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण एक सांग, त्या नव्या बाटलीवर बागवाल्याचं नाव असणार आहे का?"

मला माहीत नव्हतं. तुमच्यापैकी जे कोणी यंदाच्या बाटलीची वाट बघत असतील, त्यांनी वायनरीत गेल्यावर तारखेबरोबर एवढं एक विचारा. द्राक्ष कोणत्या गावचं, कोणाच्या बागेतलं, आणि त्याचे पैसे पोचले का?

नाना आता थकले आहेत. त्या दोन एकरांत सध्या टोमॅटो आहे.